चळवळ्याचे गद्य आणि समीक्षेचे सोवळे

मराठीत 'चळवळ्या' हा शब्द गौरवाने वापरला जात नाही. कवी, निबंधकार, कादंबरीकार या संज्ञा माणसाला वाङ्मयाच्या माजघरात जागा देतात. 'चळवळ्या' ही संज्ञा त्याला ओसरीवरच थांबवते, आणि थांबवताना किंचित हसतेही. एका जागी स्वस्थ न बसणाऱ्या पोरालाही मराठी आई चळवळ्याच म्हणते. भाषेने केलेली ही थट्टा निरुपद्रवी नाही. तिच्यात एक वाङ्मयीन निवाडा आधीच उरकून घेतलेला असतो. लोकांना हलविण्यासाठी जो लिहितो त्याचे लिहिणे प्रसंगापुरते असते, प्रसंग सरला की ते सरते, आणि जे सरते त्याच्याकडे समीक्षेने वळण्याचे कारण नाही, असा तो निवाडा आहे. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर दिला, याची विचारणा मात्र क्वचितच होते.

स्वीडनमधील कामगार चळवळीचा पहिला मोठा वक्ता आउगुस्ट पाल्म हा व्यवसायाने शिंपी होता. जर्मनीत समाजवादाशी ओळख झालेल्या आणि तेथून हद्दपार केल्या गेलेल्या या माणसाने ६ नोव्हेंबर १८८१ रोजी माल्मो शहरात 'सोशल डेमोक्रॅटांना काय हवे आहे?' या विषयावर भाषण केले. स्वीडिश समाजवादाचा आरंभ त्या भाषणापासून मानतात. पाल्मने पुढे आत्मकथन लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच स्वतःला चळवळ्या म्हणवून घेतले. 'एका चळवळ्याच्या जीवनातून' असे त्याचे मराठी करता येईल. मराठीत हे शीर्षक विनोदी पुस्तकाचे वाटले असते. शब्दाच्या वजनातील हा फरक केवळ दोन भाषांच्या स्वभावाचा नाही. एका समाजात चळवळ्याचे बोलणे आणि लिहिणे वाङ्मयाच्या इतिहासात दाखल झाले. दुसऱ्यात ते 'समाजप्रबोधन' नावाच्या स्वतंत्र कोठडीत नेऊन ठेवले गेले, जिच्या दारावर हार घातला जातो पण आत कोणी जात नाही.

या कोठडीची किल्ली 'प्रचार' या शब्दात आहे. प्रचारकी लेखन हे कलात्मक नसते, हे विधान मराठी समीक्षेत सिद्धान्तासारखे वावरते. ना. सी. फडके यांनी कलेसाठी कला या भूमिकेचा पुरस्कार केला, वि. स. खांडेकरांनी जीवनासाठी कला म्हटले, आणि पिढीभर हा वाद गाजला. पण दोन्ही पक्षांच्या गृहीतात कला ही आधी सिद्ध असलेली वस्तू होती आणि प्रश्न फक्त तिचा उपयोग कोणासाठी करावा एवढाच होता. पुढे बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयतत्त्वाची मांडणी केली तेव्हा कृतीचे परीक्षण तिच्या अंतर्गत रचनेवरून करावे, हा आग्रह अधिक काटेकोर झाला. या आग्रहात गैर काहीच नाही. गैर हे आहे की तो सर्वांना सारखा लावला गेला नाही.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजींनी ती हिंदू विधवांच्या स्थितीसंबंधी आणि ख्रिस्ती धर्माच्या बाजूने मन वळविण्यासाठी लिहिली. म्हणजे मराठी कादंबरीचा उगमच प्रचारात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. तिच्यातील मोठा भाग हा प्रतिपक्षाला चीत करण्यासाठी लिहिलेला आहे, आणि त्या प्रतिपक्षांत जोतीराव फुले होते. शिवराम महादेव परांजपे यांचा 'काळ' १८९८ मध्ये निघाला. त्यातील वक्रोक्तीचे धडे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी गिरवले. चिपळूणकर आणि परांजपे हे कडवे प्रचारकच होते. परंतु त्यांच्या बाबतीत समीक्षा 'प्रचार' हा शब्द बाजूला ठेवते आणि 'शैली' हा शब्द हाती घेते. चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेची जी टवाळी केली, तिच्यातील उपरोधाचे सौष्ठव वाखाणले जाते. ज्या भाषेची टवाळी झाली तिची वाक्यरचना मात्र फार काळ कोणी तपासून पाहिली नाही. एकाच भांडणातील एक पक्ष वाङ्मयात जातो आणि दुसरा समाजशास्त्रात, तेव्हा निकष सौंदर्याचा असतो असे मानणे कठीण होते.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर सोडून देण्याऐवजी एका जिल्ह्यापुरता पाहणे उपयुक्त ठरेल. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. वाङ्मयेतिहासात या जिल्ह्याचे नाव घेताच दोन स्थाने आठवतात. एक नेवासे, जेथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. दुसरा नगरचा भुईकोट किल्ला, जेथे १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असताना जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला. या दोहोंच्या मध्ये जी साडेसहाशे वर्षे आहेत त्यांतील शेवटच्या पाऊणशे वर्षांत या जिल्ह्यात लिहिण्याच्या सत्तेवरूनच एक प्रदीर्घ झगडा झाला. समीक्षेला त्यात रस असायला हवा होता, कारण झगड्याचा विषयच लेखन हा होता.

१८७५ चा दंगा या दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे तो सुरू झाला आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. जमावाने सावकारांच्या घरांवर चाल केली ती मुख्यतः कागदांसाठी. कर्जरोखे, खतावण्या, कोर्टाचे हुकूमनामे मागून घेतले, हिसकावले आणि जाळले. माणसे मारण्याकडे जमावाचा कल नव्हता, हे सरकारी चौकशीतही दिसून आले. पुढे १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. आर्थिक इतिहासकारांनी या घटनेचा कीस काढला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी काही दिसायला हवे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्या माणसांनी अक्षराचा नेमका अर्थ ओळखला होता. आपल्या अंगठ्याच्या ठशाखाली कोणीतरी आपल्या नावाने एक कथन लिहून ठेवले आहे, ते खोटे आहे आणि तरीही ते न्यायालयात आपल्यापेक्षा अधिक खरे ठरते, हे ज्ञान त्या होळीत होते. संहिता आणि सत्ता यांच्या संबंधावर गेल्या काही दशकांत फ्रेंच विचारवंतांच्या आधाराने मराठीत बरेच लिहिले गेले. पारनेरच्या कुणब्याला त्या आधाराची गरज पडली नव्हती.

याच जिल्ह्यात छापखान्याचा प्रवेश लवकर झाला होता. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरहून निघाले. (योगायोग असा की स्वीडनमध्ये परगण्यापरगण्यात सार्वजनिक शाळा असावी असा कायदा झाला तोही १८४२ मध्येच. पाल्मसमोर बसलेला कामगार त्या कायद्यानंतरच्या पिढीचा होता. पारनेरच्या जमावाच्या वाट्याला असा कायदा आलाच नव्हता.) जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला तेव्हा कागद, कचेरी आणि कारकून या त्रयीवर त्यांनी जो मारा केला, त्याला या परिसराच्या अनुभवाचे इंधन होते. सत्यशोधक परंपरेतील लेखनाची जी वैशिष्ट्ये दोष म्हणून मोजली जातात, जसे पुनरुक्ती, बोलीचा उघडावाघडा वापर, थेट संबोधन, शिवीच्या कडेपर्यंत जाणारा उपहास, त्यांचे एक वाङ्मयीन कारण येथे सापडते. ते गद्य मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी लिहिलेले होते. एक वाचतो आणि वीस ऐकतात, अशा वाचनात पुनरुक्ती हा रचनेचा भाग असतो. कीर्तनकाराने पालुपद घोळवले की त्याला परंपरा म्हणायचे आणि सत्यशोधकाने घोळवले की पाल्हाळ, हा न्याय कोणत्या सौंदर्यशास्त्रात बसतो?

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. ते चालविणे त्यांना जड गेले तेव्हा मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून त्याचे संपादन हाती घेतले. याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई अशा मागण्या मांडल्या. आठवड्याच्या सुटीची मागणी १८९० मध्ये मान्य झाली. हा तपशील सर्वज्ञात आहे. पण डाव्या इतिहासलेखनात लोखंडे हे 'कामगारांचे हितचिंतक', कामगारनेते नव्हेत, असा शेरा वारंवार भेटतो. मराठी मार्क्सवाद्यांच्या हिशेबात चळवळीचा जन्म श्रीपाद अमृत डांगे यांच्या १९२१ च्या 'गांधी विरुद्ध लेनिन' या इंग्रजी पुस्तकाच्या आणि १९२८ च्या गिरणी कामगार युनियनच्या आसपास होतो. त्याआधीचा काळ हा जणू वारसाविना होता. लालजी पेंडसे यांनी १९३५ मध्ये 'साहित्य आणि समाजजीवन' लिहून मराठीत मार्क्सवादी समीक्षेचा पाया घातला, हे त्यांचे ऋण आहेच. तरीही त्या पायावर उभ्या राहिलेल्या समीक्षेची नजर तरवडीपेक्षा मॉस्कोकडे अधिक वळली, हे नाकारता येत नाही. कलावाद्यांनी या लेखनाला कला नाही म्हणून वगळले आणि मार्क्सवाद्यांनी वर्गजाणीव नाही म्हणून. वगळण्यापुरते दोघांचे एकमत होते.

तरवडी हे नेवासे तालुक्यातील खेडे. तेथून मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालविले. मुकुंदराव हे भालेकरांचे पुत्र, दत्तक गेल्याने पाटील झालेले. १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू झाले आणि मुकुंदरावांचे निधन १९६७ मध्ये झाले. या अर्धशतकाहून अधिक काळात जिल्ह्याच्या ठिकाणापासूनही दूर असलेल्या गावातून वृत्तपत्र काढणे हा व्यवहार कसा असेल याची कल्पना करावी. कागद बाहेरून आणायचा, अंक टपालाने पाठवायचे, आणि वर्गणीदार म्हणजे ज्याची वर्गणी सुगीवर अवलंबून आहे असा शेतकरी. ग्रामीण पत्रकारितेचा आरंभ म्हणून या उपक्रमाचे नाव घेतले जाते, आणि इतिहास तेथेच थांबतो. 'खेड्यातून काढले' हे कौतुक एवढे मोठे होते की 'काय काढले' हा प्रश्न त्याच्या आड जातो.

मुकुंदरावांनी काय लिहिले याची नुसती शीर्षके वाचली तरी समीक्षेचे कान टवकारायला हवेत. 'कुळकर्णी लीलामृत', 'शेटजीप्रताप', 'देशभक्त लीलामृत'. ज्याने श्रीधराच्या पोथ्या ऐकल्या आहेत त्याला 'शिवलीलामृत' आणि 'पांडवप्रताप' यांचा प्रतिध्वनी लगेच ऐकू येतो. श्रीधर हा मराठी खेड्याचा खरा कवी होता. ज्ञानेश्वरी मठात आणि दिंडीत राहिली, पण चातुर्मासात गावोगाव लागणाऱ्या पोथ्या बहुतेक श्रीधराच्या. मुकुंदरावांनी तीच ओवी, तीच अध्यायांची चाल आणि तोच लीलेचा संकेत उचलला आणि देवाच्या जागी कुळकर्ण्याला बसवले. १९१३ च्या 'कुळकर्णी लीलामृता'त दप्तर हे कुळकर्ण्याचे आयुध आहे. वतनदार कुळकर्णी नाहीसा करून पगारी तलाठी नेमण्याचे पाऊल शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९१८ मध्ये उचलले. म्हणजे प्रशासनाने जे केले ते ओवीने पाच वर्षे आधी करून पाहिले होते.

येथे विडंबन या संकल्पनेचा विचार करावा लागतो. मराठीत विडंबन म्हटले की केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आठवतात, म्हणजे एका कवीने दुसऱ्या कवींची केलेली चेष्टा. ते साहित्यांतर्गत विडंबन आहे. त्याचा आनंद घेण्यासाठी वाचकाला दोन्ही कविता माहीत असाव्या लागतात आणि तो वाचक सुशिक्षित असतो. मुकुंदरावांचे विडंबन वेगळ्या जातीचे आहे. त्याचा श्रोता निरक्षर असला तरी चालतो, कारण मूळ संहिता त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेली आहे. पोथी ऐकताना जो भक्तिभावाने मान डोलवतो तोच श्रोता येथे त्याच चालीत आपल्या सातबाराचे कथन ऐकतो. मूळ पोथीवरील श्रद्धा मोडत नाही. त्या श्रद्धेची शक्ती दुसऱ्या कामाला लावली जाते. कुळकर्ण्याची 'लीला' या शब्दात जो कडवटपणा आहे तो देवाच्या लीलेवर श्रद्धा असल्याशिवाय चवीला येतच नाही. 'शेटजीप्रताप' म्हटल्यावर १८७५ च्या होळीतून गेलेल्या गावांना काय ऐकू आले असेल? जे कागद आजोबांनी जाळले त्यांच्या मालकाचे चरित्र आता पोथीच्या चालीत नातवापुढे आले होते. ही गुंतागुंत 'प्रचार' या एका शब्दात मावत नाही.

गद्यातही तेच. 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबरीच्या नावातच परान्न आहे. दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्याचे आडनाव. ग्रामीण कादंबरीच्या आरंभाविषयीचा जुना वाद, भालेकरांची 'बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ' आधीची की धनुर्धारींची १९०३ ची 'पिराजी पाटील' पहिली, हा खरे तर कालक्रमाचा वाद नव्हताच. भालेकरांची कादंबरी १८८८ मध्ये 'दीनमित्र' याच नावाच्या आधीच्या मासिकातून येत होती. वादाच्या मुळाशी प्रश्न असा होता की चळवळीच्या नियतकालिकातून क्रमशः आलेले कथन 'कादंबरी' होते की नाही. तो प्रश्न त्या शब्दांत कोणी विचारला नाही, कारण विचारला असता तर हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मधून क्रमशः आलेल्या कादंबऱ्यांनाही तो लावावा लागला असता.

मुकुंदरावांच्या पाच वर्षे आधी, १८८० मध्ये, पारनेरला पांडुरंग महादेव बापट जन्मले. १८७५ च्या दंग्यातले पारनेर तेच. त्यांचे चरित्र शाळकरी पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणूनच ते वाचले जात नाही. शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले. ब्रिटिश राज्यावर टीका करणाऱ्या भाषणाने शिष्यवृत्ती गेली. १९०७ च्या सुमारास हेमचंद्र दास यांच्यासह पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या त्यांनी घेतली, आणि रशियनमधून इंग्रजीत आलेली तिची पुस्तिका हिंदुस्थानात पोचली. झारशाहीविरुद्धच्या चळवळीतील या निर्वासितांत नाना छटांचे लोक होते. त्यांच्यातील अराजकवादी आणि समाजवादी यांचे भेद बापटांना किती भावले याची चर्चा करण्यात अर्थ नाही. कारण मराठीत 'अराजक' हा शब्द विचार म्हणून आलाच नाही. तो पोलिसांच्या भाषेतून आला. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत इंग्रजी नावातच अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे असा उल्लेख होता. राज्यसंस्थेविना समाज कसा असेल याची मीमांसा करणारी संज्ञा मराठीत फौजदारी कलमाच्या गणवेशात दाखल झाली, आणि तो गणवेश तिच्या अंगावरून अजून उतरलेला नाही. वर्तमानपत्री मराठीत 'अराजक माजले' एवढाच तिचा उपयोग शिल्लक आहे.

बापटांना अराजकवादी ठरवण्याचा खटाटोप म्हणूनच निष्फळ आहे. ते गीतेचे आणि अरविंदांचे उपासक होते. त्यांनी 'दिव्यजीवना'चा मराठी अनुवाद केला. एका टोकाला बाँबची पुस्तिका आणि दुसऱ्या टोकाला 'दिव्यजीवन', अशा दोन परक्या संहिता मायदेशी आणणारा दुसरा मराठी माणूस दाखवता येणार नाही. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने या दोहोंहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या मधल्या काळातील आहे. १९२० साली मुंबईतील झाडू कामगारांच्या संपात त्यांनी झाडू-कामगार मित्रमंडळ उभे केले आणि गळ्यात पेटी अडकवून भजने गात शहरातून मोर्चा नेला. पारनेरच्या रस्त्यावर पहाटे झाडू मारणारा हा माणूस मुंबईच्या रस्त्यावर झाडूवाल्यांसाठी गात होता. पुढच्याच वर्षी मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला आणि बापट 'सेनापती' झाले. त्याची हकीकत विनायकराव भुस्कुट्यांनी लिहून ठेवली आहे.

पेटीचा हा प्रसंग चरित्रकार भाबड्या कौतुकाने सांगतात. समीक्षेने तो वाङ्मयप्रकाराचा प्रश्न म्हणून घ्यायला हवा. भजन हा प्रकार कोणासाठी आहे, कोणाच्या वस्तीत आहे, कोणत्या वेळी आहे, याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात ठाम संकेत असतात. ज्या हातांचा स्पर्श देवळाला चालत नव्हता, त्या हातांच्या मागण्यांसाठी देवळाचा गानप्रकार भर रस्त्यात आणला, की संकेत मोडतो आणि तो मोडल्याचा आवाज हाच त्या गाण्याचा अर्थ असतो. शब्द कागदावर उतरवून त्यांतील प्रतिमा शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. मर्ढेकरी लयतत्त्व लावायचेच असेल तर ते त्या गाण्याच्या पदरचनेला लावून भागणार नाही. पेटी, रस्ता, जमाव आणि गाणारा ब्राह्मण यांच्या मांडणीतील विसंवादाला लावावे लागेल.

जगात हे एकट्या बापटांनीच केले असे नाही. १८७९ मध्ये स्वीडनमधील येव्ले येथे जन्मलेला योएल हेग्लुंड १९०२ मध्ये अमेरिकेला गेला आणि तेथे जो हिल या नावाने मजुरांची गाणी रचू लागला. साल्व्हेशन आर्मीवाले चौकात जी भक्तिगीते वाजवत त्यांच्याच चालींवर त्याने संपाचे शब्द बसवले. चाल ऐकणाऱ्यांना ठाऊक होती, बँड धर्मप्रसारकांचा, शब्द मजुरांचे. १९१५ मध्ये युटा राज्यात खुनाच्या आरोपावरून त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. मुकुंदराव, बापट आणि हिल यांची एकमेकांना गंधवार्ता नव्हती. तिघांनीही धर्माची तयार चाल घेतली, आणि तिघांचाही श्रोता त्या चालीत वाढलेला होता. तुलनात्मक साहित्याच्या विभागांतून प्रभावाभ्यासाचे प्रबंध दरवर्षी तयार होतात. जेथे प्रभाव नाही आणि तरी रचना एकच आहे, अशा स्थळांकडे ते प्रबंध जात नाहीत.

स्वीडनमध्ये पुढे काय झाले हे पाहणे येथे अगत्याचे आहे. पाल्मच्या मवाळ वारसांनी हिंके बेर्गेग्रेनसारख्या अराजकाकडे झुकलेल्या वक्त्याला १९०८ मध्ये पक्षाबाहेर काढले; संततिनियमनावर व्याख्यान दिल्याबद्दल १९१० मध्ये त्याला तुरुंगवास झाला आणि त्याच्या निमित्ताने १९११ मध्ये आलेल्या कायद्याला लोकांनी त्याचेच नाव दिले. तेथील चळवळही सोवळीच होती, एवढे यावरून कळते. पण अराजकवाद्यांच्या 'ब्रांड' या नियतकालिकात ज्याच्या आरंभीच्या कविता छापल्या गेल्या त्या हॅरी मार्टिनसनला आणि कामगारांतूनच आलेल्या एविंद योन्सनला १९७४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कामगार साहित्य ही संज्ञा स्वीडिश वाङ्मयेतिहासात मुख्य प्रवाहाचे नाव आहे. तेथील समीक्षकांनी चळवळ्यांवर उपकार केला असे नव्हे. चळवळीची नियतकालिके हीच लेखकांची शाळा होती, हे त्यांनी मान्य केले.

मराठीत अशी मान्यता दलित साहित्याने खेचून आणली, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे, पण अर्धेच. १९६० नंतरच्या दलित साहित्याला समीक्षेने जे दार उघडले ते 'अनुभव' या नावाचे होते. आत्मकथने आली, त्यांतील वेदनेच्या प्रामाणिकपणापुढे कलावादी समीक्षाही नमली. शरद पाटील यांनी १९८८ मध्ये 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' लिहून मुळावरच हात घातला, तरी अध्यापनाच्या व्यवहारात अनुभवाची सत्ता अबाधित राहिली. अनुभवाला पाट मिळाला, युक्तिवादाला मिळाला नाही. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतील आंबेडकरांचे मराठी गद्य, त्यातील खंडनमंडनाची पद्धत, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण बळाने मांडून मग उलटवण्याची रीत, यांचा गद्यशैली म्हणून अभ्यास आत्मकथनांच्या तुलनेत किती झाला आहे? पीडिताने आपले दुःख सांगावे, निष्कर्ष समीक्षकाने काढावा, ही श्रमविभागणी त्यामागे आहे. चळवळ्या ती मोडतो, कारण तो दुःख सांगत बसत नाही, निष्कर्षच घेऊन येतो. देशीवादाकडून काही अपेक्षा होती. 'टीकास्वयंवर'कारांनी मराठी गद्याच्या देशी परंपरेचा जो आग्रह धरला त्यात फुल्यांना मानाचे स्थान आहे. परंतु देशीपणाचा शोध एकदा मुळांकडे वळला की वृत्तपत्राच्या शिळ्या अंकात कोणी फारसे डोकावत नाही.

नगर जिल्ह्यात ही धारा १९६७ ला, म्हणजे बापट आणि मुकुंदराव दोघेही ज्या वर्षी वारले त्या वर्षी, थांबली असेही नाही. प्रवरेचे कालवे आले, हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, ऊसमजूर आणि खंडकरी शेतकरी आले, आणि दत्ता देशमुखांसारखे लाल निशाणचे वक्ते आले. त्यांची भाषणे बहुतांशी हवेत गेली. ज्या समीक्षेने छापलेले वाचले नाही ती न छापलेल्याबद्दल हळहळेल, अशी अपेक्षा अवाजवी आहे.

या सर्वांची दुसरी बाजू अधिक त्रासदायक आहे. सत्यशोधक लेखकांची संकलने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आणि नंतर प्रसिद्ध झाली, त्यासाठी काही संशोधकांनी आयुष्ये वेचली. पण त्या संकलनांवर जे लिहिले जाते ते बहुधा गौरवपर असते. शतायुषी निमित्ते, पुतळे, विशेषांक. गौरव हाही न वाचण्याचाच एक प्रकार आहे. सोवळ्यातला समीक्षक स्पर्श टाळतो आणि गौरवग्रंथवाला नमस्कार करून पुढे जातो. 'थोर समाजसुधारक' म्हटल्यानंतर त्याच्या ओवीत कोठे मात्रा चुकते, कोठे उपहास निव्वळ हेटाळणीवर उतरतो, कोठे तीच कोटी तिसऱ्यांदा येऊन बोथट होते, हे बोलणे उद्धटपणाचे ठरते. मुकुंदरावांना लेखक म्हणून मान द्यायचा तर हे बोलावेच लागेल.

आणि बोलायला घेतले की पहिला प्रश्न निवेदकाचा येतो. खेड्याच्या कारभारात कुळकर्णी एकटा नव्हता. त्याच्या शेजारी पाटील होता. वसुलीच्या वेळी दोघे एका घोंगडीवर बसत, आणि गावकुसाबाहेरच्या महाराला वेठीला बोलावण्याचा अधिकार पाटलाच्या हाती होता. 'कुळकर्णी लीलामृता'तला आवाज कोणत्या ओसरीवरून येतो? दप्तर वाचता न येणाऱ्या कुणब्याच्या, की कुळकर्ण्याला रोज भेटणाऱ्या पाटलाच्या? श्रीधराच्या ओवीत कवी स्वतःला दासानुदास म्हणवून देवासमोर लहान होतो. ती नम्रतेची मुद्रा विडंबनात उलटी होते तेव्हा तिच्या जागी कोण उभा राहतो? शेटजी, देशभक्त, शास्त्री या सर्वांच्या लीला गायल्या गेल्या. पाटील-लीलामृत मात्र लिहिले गेले नाही.